हरकत असेल त्यानं बोलावं

उपासना मेश्राम रोमन लोकांवर पीएच.डी. करते असं कळलं की अमेरिकेतल्या पिस्कॅटवेतली मराठी माणसं हळूच विचारत, "मग जॉब कशात मिळतो?"

"मिळाला की सांगते," ती म्हणायची. माणसं हसत. तीही हसे.

नागपूरला इंदोऱ्यात वाढलेली मुलगी. वडील मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. घरी आले की हात घासून धूत आणि तिच्या अभ्यासाजवळ बसत. शिकवता यायचं नाही, पण उठत नसत. तिनं कंटाळून मध्येच सोडलेलं गणित त्यांना कळत नसूनही दिसायचं. "हे झालं नाही," एवढंच म्हणत. त्या सवयीवर ती इतकी लांब आली.

रोमन लोकच का, याचं तिचं उत्तर साधं होतं. त्या लोकांनी एकदा राजाला हाकलून दिलं आणि पुढे जवळजवळ पाचशे वर्षं त्यांना राजा हा शब्दसुद्धा सहन होत नव्हता. एखाद्याला राजा व्हायचंय अशी नुसती कुजबुज झाली तरी त्याच्या जिवावर बेतायचं. आणि तेच लोक शेवटी एका माणसाच्या हाताखाली गेले. लढाया झाल्या, रक्त सांडलं, ते सगळं पुस्तकांत आहे. तिला त्यानंतरचं हवं होतं. लढाया संपल्यावर, शांततेत, कोणी कोणाचा हात पिरगळत नसताना, ती माणसं कशाला कशाला हो म्हणाली? की हो म्हणालीच नाहीत, नुसती गप्प बसली?

मागच्या वर्षी विद्यापीठानं तिच्या विभागाला कात्री लावली. तिचं शिकवण्याचं काम गेलं, खोली सोडावी लागली. तेव्हा प्रफुल्ल रामटेके तिला म्हणाला, "आमचं बेसमेंट रिकामंच आहे. सामान कधी आणू?" आणि शनिवारी सकाळी व्हॅन घेऊन आला. पुस्तकांची खोकी त्यानं स्वतः उतरवली. जड खोकं पाठ ताठ ठेवून गुडघ्यांतून उचलावं लागतं, ते त्याला येत होतं.

प्रफुल्ल एका औषधांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, पण गावात त्याची ओळख विहारामुळे होती. बंद पडलेलं एक गालिच्यांचं दुकान इथल्या बौद्ध मंडळानं विहारासाठी घेतलं, तेव्हा आत उंदीर होते आणि छतातून पाणी गळत होतं. आज तिथे स्वच्छ सभागृह आहे, मागे मुलांचा वर्ग आहे, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. हे सगळं मंडळानं केलं असं म्हणतात. खरं म्हणजे पहिल्या वर्षी पुष्कळ जण आले, दुसऱ्या वर्षी थोडे, आणि मग शिडीवर प्रफुल्ल आणि खाली शिडी धरायला जो सापडेल तो. बर्फ पडलं की पहाटे फावडं घेऊन तोच. इमारत गरम ठेवणारी भट्टी बंद पडली की तळघरात तोच. तो कामाचं कौतुक सांगत नसे. पण कोण आलं नाही हे त्याच्या लक्षात राहत असे.

मंडळाची सचिव उपासना होती. तिला सचिव करण्याचं कारण एकच, तिला मराठी चांगलं लिहिता येतं. आणि सचिव झाल्यावर तिनं एक गोष्ट केली, जिच्याबद्दल सगळ्यांनी तिची पाठ थोपटली.

आधी मंडळात हात वर करून मतं घेत. त्यातून कटकटी व्हायच्या. तुझ्या नवऱ्यानं आमच्या विरुद्ध हात वर केला, मग वाढदिवसाला बोलावणं नाही, असलं. उपासनानं सांगितलं, आपल्याकडे याहून चांगली रीत आहे. भिक्खू संघात ठराव तीनदा मोठ्यानं वाचतात. मान्य असेल त्यानं गप्प राहायचं. हरकत असेल त्यानं बोलायचं. तिसऱ्या वेळेनंतरही कोणी बोललं नाही, तर संघाला मान्य आहे.

लोकांना हे फार आवडलं. अमेरिकेत राहून अडीच हजार वर्षांपूर्वीची आपली पद्धत. मुलांना सांगायलाही बरं. आणि सोपं किती.

त्या रीतीला आणखी एक भाग होता, तो उपासनानं सांगितलाच नाही. विहाराच्या ठरलेल्या सीमेच्या आतला प्रत्येक भिक्खू हजर पाहिजे. आजारी असेल त्यानं आपली संमती दुसऱ्याबरोबर पाठवायची. तेही जमत नसेल तर त्याला खाटेवर घालून आणायचं, नाहीतर संघानं त्याच्याकडे जायचं. तोपर्यंत काहीही ठरवायचं नाही. हे तिला ठाऊक होतं. पण सॉकर, बॅडमिंटन, ग्रोसरी यांतून माणसं गोळा होत नाहीत, कोणाला खाटेवर घालून आणणार? म्हणून तिनं सोपा भाग घेतला आणि मेहनतीचा सोडला. घराचं दार बसवलं आणि कडी लावलीच नाही, असं ते काम होतं. वडील असते तर बघून म्हणाले असते, हे झालं नाही.

मग एकामागून एक गोष्टी होत गेल्या. त्यातली एकही मोठी नव्हती. इमारत समितीच्या बैठकीला कोणी येईना, म्हणून समितीचं काम तात्पुरतं अध्यक्षांकडे, म्हणजे प्रफुल्लकडे. तीनदा वाचलं, सगळे गप्प. खजिनदार नोकरी बदलून लांब ईडन प्रेरीला गेला. त्याचं नाव तसंच राहू द्यायचं आणि काम अध्यक्षांनी बघायचं. सगळे गप्प. वर्षातल्या चार सभांच्या जागी एक. सगळे अगदी मनापासून गप्प. सगळी पदं कागदावर शाबूत होती. सूचनाफलकावर सगळ्यांची नावं होती, उपासनाचंही.

उन्हाळ्यात विहाराच्या दाराचं कुलूप बदललं. त्यावर आकडे दाबायचं यंत्र आलं. आकडे प्रफुल्लला माहीत. ज्याला जायचं असेल त्यानं त्याला फोन करायचा. अतुल नावाचा एक विद्यार्थी होता, अमरावतीकडचा, इंजिनिअरिंगला. त्यानं व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं, "दादा, कोड सगळ्यांना का नाही?" उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी अतुल ग्रुपवर नव्हता.

उपासनानं प्रफुल्लला विचारलं तेव्हा तो स्वयंपाकघरात नळाला नवा वायसर बसवत होता.

"अरे, चुकून झालं असेल. करतो अॅड," तो म्हणाला. नळ गळायचा थांबला. अतुल काही अॅड झाला नाही.

ती अतुलला भेटली. तो म्हणाला, "जाऊ दे ना यार. माझं ग्रॅज्युएशन मे महिन्यात, मग नोकरी, मग व्हिसा. मला लफडं नको. दादांच्या ओळखी आहेत सगळीकडे."

"ते असं काही करणार नाहीत."

"मी कुठे म्हणतो करतील? मी म्हणतो, मला लफडं नको."

रविवारी सकाळी उपासना मागच्या वर्गात मुलांना इतिहास शिकवायची. ऑक्टोबरात ती ऑगस्टसपाशी, रोमच्या पहिल्या सम्राटापाशी, आली. प्रफुल्ल त्याच वर्गात शिडीवर होता, छताचा एक डागाळलेला चौकोन बदलत होता. त्याची दहा वर्षांची मुलगी मैत्री पहिल्या ओळीत बसली होती.

"रोमला दहा ट्रिब्यून असत," उपासना सांगत होती. "सामान्य लोकांच्या बाजूची माणसं. एकानं जरी उठून व्हेटो म्हटलं, म्हणजे मी मना करतो, तर सगळं काम थांबायचं. त्याला हात लावायला बंदी. त्याच्या घराचं दार दिवसरात्र उघडं, कोणीही जाऊन गाऱ्हाणं सांगावं. ऑगस्टसनं हे पद बंद नाही केलं. दहाच्या दहा ट्रिब्यून राहू दिले. फक्त त्यांचा अधिकार स्वतःकडेही घेतला, आयुष्यभरासाठी."

"सो ही वॉज द किंग, बट नोबडी कॉल्ड हिम किंग?" मैत्रीनं विचारलं.

"तो कोणाला म्हणूच देत नसे. एकदा रोममध्ये धान्य कमी पडलं. लोकांनी सिनेटरांना सभागृहात कोंडलं. याला हुकूमशहा करा नाहीतर आग लावू, म्हणाले. तर तो गुडघ्यांवर बसला, अंगावरचं वस्त्र फाडलं आणि म्हणाला, नको."

"दॅट्स काइंड ऑफ नाइस."

वरून प्रफुल्ल म्हणाला, "उपासना, त्यानं रस्ते बांधले का?"

"बांधले."

"पाणी आणलं गावात?"

"आणलं, दादा."

"मारामाऱ्या थांबवल्या?"

"थांबवल्या."

"मग?" त्यानं चौकोन हलकेच दाबून खाचेत बसवला. अगदी सरळ बसला. "त्या सिनेटवाल्यांनी काय बांधलं?"

मुलं हसली. उपासनाला उत्तर येत होतं, पण ते लांब होतं आणि प्रफुल्ल शिडी मिटत होता.

वार्षिक सभा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी ठेवली होती, संविधान दिनाला धरून. तो रविवार थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतला. अर्धी घरं फ्लोरिडाला नाहीतर नातेवाइकांकडे गेलेली. उपासनानं आधी सुचवलं होतं, सभा पुढे ढकलू या. प्रफुल्ल म्हणाला, "पुढे स्नो आहे. आणि येणारे येतातच गं."

आलेल्यांनी वंदना घेतली. मग उभं राहून संविधानाची प्रस्तावना वाचली. मैत्रीला मराठी वाचन जड जात होतं, पण शेवटपर्यंत वाचलं तिनं. सगळे बसले. चहा फिरला.

प्रफुल्ल उठला. त्याचा आवाज बसला होता. "माझं सांगून टाकतो. मी थकलो. डॉक्टरनं पाठीचा एमआरआय सांगितलाय. हे सगळं करायला मला हौस आहे असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. आज मी सगळं तुमच्या हातात परत देतो. कोणीतरी घ्या."

तो खाली बसला. तो खोटं बोलत नव्हता. हे उपासनाला स्पष्ट दिसलं. ऑगस्टसही एका जानेवारीत सिनेटपुढे उभा राहून असंच बोलला होता, सगळं परत देतो. तो ढोंग करत होता असं तिनं आपल्या प्रबंधात तीन पानं खर्चून लिहिलं होतं. त्या क्षणी तिला वाटलं, ती पानं चुकली. कदाचित तोही थकला होता.

"असं कसं, प्रफुल्ल?" भानुदासकाका म्हणाले. ते नागपूरच्या टपाल खात्यातून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेले. सभेत सगळ्यांत वडील. "तू गेल्यावर संडास तुंबला तर कोणाकडे बघायचं? माझ्या मुलाकडे? त्याला घरातला बल्ब बदलता येत नाही."

"बाबा," मुलगा म्हणाला. सगळे हसले. हसण्यात सुटकेचा भाग होता.

"लिही गं, उपासना," भानुदासकाका म्हणाले. "इमारतीचं काम पूर्ण होईपर्यंत प्रफुल्ल रामटेके अध्यक्ष राहतील. आणि पुढे लिही, त्यांना अयोग्य वाटेल तो ठराव थांबवायचा अधिकार त्यांना राहील. उगाच उद्या कोणी पोरगं उठून घोळ घालायला नको."

"काका, एवढं नको," प्रफुल्ल म्हणाला.

"तू गप्प बस. तुला काय कळतं स्वतःचं."

पुन्हा हसू. उपासनानं लिहिलं. इमारत कधी पूर्ण होते? एका बाजूची डागडुजी करावी तर दुसरी पडायला येते. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, कारण प्रत्येकाचं घर तसंच होतं.

ती वाचायला उभी राहिली. पहिल्यांदा वाचलं. "हरकत असेल त्यानं बोलावं." कोणी बोललं नाही. दुसऱ्यांदा वाचलं. कोणीतरी खोकलं. तिनं समोरचे चेहरे पाहिले. कोणी घाबरलेलं नव्हतं. कोणावर कोणी जोर केला नव्हता. गप्प बसलं की घरी जाता येणार होतं, आणि बोललं की काम अंगावर पडणार होतं. पहिल्या रांगेत वहिनी होती, प्रफुल्लची बायको. गेलं वर्षभर ती रोज रात्री बेसमेंटच्या जिन्यावर झाकलेलं ताट ठेवत आली होती.

तिसऱ्यांदा वाचून झालं. "हरकत असेल त्यानं बोलावं," उपासना म्हणाली, आणि मग कागद खाली करून, "माझी आहे."

प्रफुल्लनं चहाचा कप खाली ठेवला.

"आपण सगळे इथे नाही," ती म्हणाली. "जे नाहीत त्यांची संमती घेतल्याशिवाय असं ठरवता येत नाही. ही रीत मी तुम्हाला अर्धीच सांगितली होती. आणि एका माणसाकडे अध्यक्षपद आणि मनाईचा अधिकार दोन्ही देऊ नयेत. दादा चांगले आहेत. म्हणूनच देऊ नयेत. चांगल्या माणसाला दिलेलं परत मागता येत नाही."

प्रफुल्लनं वर पाहिलं. त्याला लागलं होतं. "ठीक आहे. ठराव पडला. मी परत दिलंच आहे. मग तू घे."

"मी एकटी नाही घेणार. कामं वाटून घेऊ. बर्फ कोण काढेल?"

कोणी बोललं नाही.

"भट्टी? नुसतं महिन्यातून एकदा बघायचं. नकुल? संग्राम?"

नकुल फोन बघू लागला. संग्राम म्हणाला, "माझं ऑन-कॉल असतं, ताई. प्रॉमिस करून उपयोग नाही."

"सभेची खबर घरोघरी द्यायची?"

शांतता तीच होती, ठराव वाचतानाची.

"बोलायला जोर लागत नाही, बाई," भानुदासकाका म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "आता मी एक ठराव मांडतो. यापुढे ज्याला हरकत असेल त्यानं ती सभेच्या आधी अध्यक्षांना कळवावी. सभेत सगळ्यांचा वेळ जाऊ नये. साधू."

"साधू," मागून दोघे-तिघे म्हणाले. मग पुष्कळ जण. "साधू." तिसऱ्या वेळी सगळं सभागृह म्हणालं, हात जोडून, जसं धम्मदेशनेनंतर 'छान, मान्य' या अर्थानं म्हणतात, आणि वहिनीनंही डोळे मिटून म्हटलं. तीनदा विचारायचं होतं तिथे तीनदा होकारच झाला. मध्ये बोलायला फट राहिली नाही. उपासना कागद हातात धरून उभी होती. ठराव वाचणारी ती होती, आणि तिला कोणी वाचायला सांगितलंच नव्हतं.

"आता मघाचा पहिला घ्या परत," भानुदासकाका म्हणाले. "कोणी अध्यक्षांना आधी हरकत कळवली होती का? प्रफुल्ल?"

"नाही," प्रफुल्ल म्हणाला.

"मग मंजूर."

प्रफुल्लनं चष्मा काढून डोळे पुसले. लोक त्याच्याभोवती जमले. आणि मग कित्येक महिन्यांत पहिल्यांदा सगळे कामाला लागले. नकुलनं सतरंजी गुंडाळली. संग्रामनं चहाची पातेली घासायला घेतली. खुर्च्या पटापट मिटत होत्या, भिंतीला लागत होत्या. उपासनानं एक खुर्ची उचलली तर भानुदासकाकांच्या मुलानं ती हळूच तिच्या हातातून घेतली. "राहू दे, ताई." तिनं दुसरी घेतली. तीही कोणीतरी घेतली. कोणी रागानं बोललं नाही. तिला फक्त कशालाही हात लावू दिला नाही.

बाहेर अंधार पडायला आला होता. प्रफुल्ल गाडीचं मागचं दार धरून उभा होता. वहिनी पुढे बसली होती, मैत्री मागे.

"चल, बस," तो म्हणाला. "मनात ठेवू नकोस. मीही ठेवत नाही. फक्त ते रोमचं शिकवणं थोडे दिवस थांबवू. मुलं घरी येऊन काहीबाही बोलतात. आणि तुझा तो प्रबंध, सबमिट करायच्या आधी एकदा मला वाचायला दे. इंटरेस्ट आहे मला."

"नाही, दादा."

"काय नाही?"

"प्रबंध नाही देणार. आणि आज मी अतुलकडे जाते. पुस्तकं नंतर नेईन."

दार त्यानं लगेच लावलं नाही. "थंडी आहे," तो म्हणाला. मग हळूच लावलं, मैत्रीचा हात काचेवर होता तो सांभाळून.

त्या रस्त्याला फुटपाथ नाही. उपासना कडेच्या गवतावरून चालू लागली. मागून गाड्यांचे दिवे येऊ लागले, सगळे विहारातूनच निघालेले. पुढे प्रफुल्लची गाडी गेली. मग एकेक गाडी तिच्याजवळ आल्यावर जरा मंद होई, तिला धक्का लागू नये म्हणून बाजूनं वळण घेई आणि पुढे जाई. आत कोण आहे हे तिला कळत होतं.

एक गाडी थांबली. काच खाली झाली. भानुदासकाका होते, मुलगा चालवत होता.

"इतक्या थंडीत कुठे, पोरी?" ते म्हणाले. खरंच काळजीनं.

"अतुलकडे."

"तो तर लांब राहतो. सोडतो ना आम्ही." त्यांनी दाराच्या कडीला हात घातला आणि थांबले. मुलाकडे पाहिलं, मग पुढच्या रस्त्याकडे. "थांब हं. प्रफुल्लला एक फोन करून विचारतो."

तिनं मान हलवली आणि चालायला लागली. मागे इंजिन चालूच होतं. काकांचं बोलणं ऐकू येत होतं, हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का, अरे ती इथे रस्त्यात आहे, मग काय करू.